राहण्याचं कारण : ऊन

इरा आणि नील,

गेल्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे कॅनडात होते, तेव्हा माझ्या राखाडी स्वेटरला तुम्ही दोघं रोज हसायचात. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबायच्या आणि खालची कड गुडघ्यांवर आपटायची. "आजी, तू तंबू घातलायस," असं नील म्हणाला होता. कुणाचा आहे म्हणून इराने विचारलं, तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणाले. मी तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. मी ‘नंतर’ म्हटलं की ते नंतर येतंच. तुमचे बाबा मात्र लहानपणापासून ‘खिडक्या नंतर पुसतो’ म्हणतात, ते अजून म्हणतातच.

स्वेटर उन्हाळे साहेबांचा. उन्हाळे हे आडनाव आपल्याकडे खरोखर असतं, पण त्यांचं नव्हतं. त्यांचं नाव ॲलिस्टर. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका बेटावर त्यांनी जन्मभर पोस्टमनची नोकरी केली, म्हणजे जन्मभर ते पावसात चालले. आपल्या येरमाळ्यात त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगितलं ते लोकांनी ‘आला मास्तर’ असं ऐकलं आणि दोन दिवस त्यांना शाळेची वाट दाखवली. शेवटी हायवेवरच्या चहाच्या हॉटेलवाल्या बब्रूने, म्हणजे बब्रुवानने, तो प्रश्न निकाली काढला. "कामून जीभ वाकडी करायची? उन्हात बसतंय ते उन्हाळे." पुढं टपालही त्याच नावाने पोचू लागलं.

त्यांच्या बेटावरची माणसं म्हातारपणी उष्ण प्रदेशात राहायला जातात, असं त्यांनी मला सांगितलं. तिथं समुद्र असतो, नारळ असतात, पांढऱ्या कपड्यातला माणूस सरबत आणून देतो. उन्हाळे साहेब येरमाळ्यात राहिले. आपल्याकडे समुद्र नाही, नारळ देवीपुढे फोडायचा तेवढाच, आणि सरबत हवं असेल तर बब्रूला आधी लिंबू आणून द्यावं लागतं. पण ते काही ठरवून आले नव्हते. सोलापुराहून वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, आणि मे महिन्यात भर दुपारी त्यांची बस येरमाळ्याच्या फाट्यावर बंद पडली. बाकीचे प्रवासी जी मिळेल ती सावली धरून बसले. एक म्हातारी तर उभ्या ट्रकखाली जाऊन झोपली. साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, आणि डांबराच्या कडेला मातीत उभे राहिले. दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, की वीस वर्षांत पहिल्यांदा आपले गुडघे दुखत नाहीयेत. दुसरी बस आली. ते चढले नाहीत. वेरूळची लेणी त्यांनी शेवटपर्यंत पाहिली नाहीत. हजार वर्षं थांबलीत, अजून थांबतील, म्हणायचे.

बब्रूच्या हॉटेलाला लागून असलेल्या शमीमबीच्या घरामागची खोली त्यांनी भाड्याने घेतली. शमीमबी विधवा, शिवणकाम करणारी, घरात दखनी बोलणारी बाई. तिने खोली दाखवताना इमानदारीने सांगितलं, "साब, ये कमरा बहोत तपता." साहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. आधीच्या भाडेकरूंनी त्याच कारणासाठी ती खोली सोडली होती.

आता त्यांचा दिनक्रम. एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. सकाळी ती पूर्वेच्या भिंतीशी, मग अंगणाच्या मध्यावर, मग हळूहळू हायवेच्या बाजूला. कडुलिंबाच्या सावलीला ते असे टाळत, जसे आपण उसनं मागणाऱ्याला टाळतो. खुर्ची इतक्या नेमाने सरके, की गाव तिच्यावर वेळ ओळखू लागलं. "साहेब डीपीच्या खांबाला आले, आता कळंबची गाडी येती," असं बायका म्हणत. गाडी येत नसे, पण तो साहेबांचा दोष नव्हता.

दाराबाहेर त्यांनी एक उष्णतामापक टांगला होता. दुपारी दोनला तो पाहायचा, पोस्टकार्डावर फक्त आकडा लिहायचा, ‘४२’ किंवा चांगला दिवस असेल तर ‘४४’, आणि ते कार्ड आपल्या जुन्या पोस्टात पाठवायचं. खाली सही नाही, खुशाली नाही. इतक्या वर्षांत एकदाच उत्तर आलं. त्यावर लिहिलं होतं, ‘पाऊस’.

हे सगळं गावाला जड गेलं. बाळांनो, आपल्या जिल्ह्याच्या नशिबी फार गोष्टी आल्या नाहीत. मनापासून तक्रार करायला एक उन्हाळा होता, तोही या माणसाने हिरावून घेतला. मे महिन्यात बब्रूच्या बाकावर बसून कुणी "लई तापायलंय" म्हटलं, की बाहेरून आवाज येई, "हो ना! लई छान!" वीज गेली, पंखा थांबला, की सगळे शिव्या घालत, आणि साहेब कौतुकाने वर पाहत. बब्रू मला म्हणाला, "बाई, आपण ज्याला शिव्या देतो त्याला हे माणूस नमस्कार करतंय. मग आपण खोटे का ते खोटं?" मी म्हटलं, "दोघंही खरे. तू दुपारी भट्टीपुढं उभा असतोस, ते खुर्चीवर असतात." बब्रूला हा विचार आवडला नाही. त्याने मला पाण्यासारखा चहा दिला.

चैत्रात येडाई देवीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते, लोक रानात चुन्याचे खडे वेचतात, आणि ते सगळं उघड्यावर, डोक्यावर सूर्य घेऊन. साहेब दरवर्षी त्या गर्दीत वाकून खडे वेचत. पहिल्या वर्षी परत आले ते लालभडक होऊन, खिशात तीन खडे घेऊन. म्हणाले, "बाई, आज एवढी माणसं माझ्यासोबत उन्हात होती." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला नाही. सगळं गाव आपल्या छंदाला आलंय, असा त्यांचा समज झाला होता. मी तो दुरुस्त केला नाही. एरवी मी चुका सोडत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा.

मराठी ते बब्रूकडून शिकले, म्हणजे चहापासून शिकले. ‘मला चहा लागतो’ हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. त्याच बळावर पहिल्याच उन्हाळ्यात ते पायात काटा मोडला म्हणून एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. काटा दाखवण्याआधी दोन शब्द बोलावेत, म्हणून साहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला ऊन लागतं. रोज लागतं. सकाळी थोडं लागतं, दुपारी लई लागतं."

डॉक्टर उभेच राहिले. पाच मिनिटांत साहेब अंधाऱ्या खोलीत आडवे, कपाळावर ओलं फडकं, हाताला सलाईन. त्यांचा जीव दारातून आत येणाऱ्या उन्हाच्या पट्टीकडे लागलेला, तर नर्सने येऊन दार लावलं. मला बोलावणं आलं, तोवर दुसरी बाटली चढत होती आणि दुपार वाया गेली होती. काटा पायात तसाच होता.

मी खाटेशेजारी बसून त्यांना शिकवलं. चहा लागतो म्हणजे हवा असतो. ऊन लागतं म्हणजे माणूस आजारी पडतो. काटा लागतो म्हणजे टोचतो. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्हाला कसं कळतं बाई, हवंय की दुखतंय?"

मी नर्सकडे काट्यासाठी चिमटा मागितला.

त्यांना एक मुलगी. तिचं नाव आयला. इरा, तू हसणार हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे ते मुलींचं चांगलं, घरंदाज नाव आहे. आपल्याकडे बोटाला हातोडी लागली की माणसं तेच नाव घेतात. साहेब बब्रूच्या हॉटेलात येऊन प्रेमाने सांगत, "आयला! काल फोन आला," आणि बब्रू विचारी, "एवढं वाईट काय झालं?" मी एकदा खुलासा केला, तेव्हापासून गाव तिला आदराने ‘आयलाताई’ म्हणू लागलं. त्याने काही सुधारलं असं मला वाटत नाही.

तर ही आयलाताई दर नाताळाला वडिलांसाठी आपल्या हाताने एक स्वेटर विणून पाठवायची. जाडजूड, गळ्यापर्यंत, वादळात सापडलेल्या खलाशाला पुरेल असा. आपण त्रेचाळीस अंशात राहतो हे साहेब तिला दर आठवड्याला सांगत. ती विणत राही. माणूस एकदा काळजी करायला लागला की त्याला आकडे ऐकू येत नाहीत. तुमच्याकडे ‘आजी एकटी आहे’ यावरून दर रविवारी जे चालतं, तेही त्यातलंच. पार्सल आलं की शमीमबी ओरडे, "साब, तुमारी बेटी फिर ऊन भेजी!" तिच्या दखनीत, आणि हिंदीतही, लोकरीला ऊन म्हणतात. साहेबांना याची फार गंमत वाटली. एका भाषेत जे अंगावर घ्यायचं तेच दुसरीत अंगावर घालायचं, आणि शब्द एकच. मला म्हणाले, "तुमचे लोक काटकसरी आहेत."

स्वेटर ते वाटून टाकत. बब्रू हिवाळ्यात एक घालायचा आणि उन्हाळ्यात तोच ओला करून रांजणाला गुंडाळायचा. एक कुणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर चढला होता. एक तुरीच्या रानात बुजगावण्याच्या अंगावर होता आणि त्यालाच सगळ्यांत चांगला दिसे. उरलेले शमीमबीच्या पत्र्याच्या पेटीत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण परदेशी माणसाला इथं राहायला दरवर्षी नव्याने परवानगी घ्यावी लागते. तिचे नियम मला कधी समजले नाहीत, कारण दरवर्षी ते वेगळे असत. एक कलम मात्र कायम. कुठलाही व्यापार करायचा नाही. केला की परत. आणि परत म्हणजे कुठे, ते साहेबांना चांगलं माहीत होतं. आयलाने खोली रंगवून तयार ठेवली होती. समुद्राकडे खिडकी, पलंगाशी हीटर, आणि खिडकीबाहेर पाऊस.

मागच्या वर्षी चौकशीला एक हवालदार आले. त्यांनी बब्रूच्या बाकावर बसून फॉर्म भरला. ‘राहण्याचे कारण’ या रकान्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "काय लिहू, साहेब?" साहेबांनी वर बोट दाखवून खरं तेच सांगितलं. हवालदारांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘ऊन’.

तो कागद वर गेला. वर म्हणजे कुठे, ते लिहीत नाही, पण तिथं मराठीपेक्षा हिंदी बरी असलेलं कुणी तरी त्याचं इंग्रजी करायला बसलं असावं. महिन्याभराने साहेबांना मराठीत नोटीस आली. ती वाचायला ते माझ्याकडे घेऊन आले. लिहिलं होतं, की आपण आपल्या वास्तव्याचे कारण ‘लोकर’ असे नमूद केले आहे. सबब आपण विनापरवाना लोकरीचा व्यापार करीत असल्याचा संशय असून समक्ष चौकशी करण्यात येईल.

मी हसले. ते हसले नाहीत. नोटिशीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि खुर्ची उचलून उन्हात नेली. त्या दिवशी पोस्टकार्ड लिहिलं नाही.

चौकशीचे अधिकारी मे महिन्यात आले, दुपारी एकच्या सुमाराला. तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, घामाने निथळलेले. दुभाषी म्हणून मी हजर होते. ते आधी बब्रूकडे पाणी प्यायला थांबले, आणि तिथंच घोटाळा झाला. रांजणाला स्वेटर होता.

"हे काय आहे?"

"स्वेटर, साहेब. पाणी गार ऱ्हातं."

"कुठून घेतला?"

"उन्हाळे साहेबांनी दिला."

"केवढ्याला?"

"फुकट! साहेब काय पैसे घेत्यात व्हय? गावात बऱ्याच जणांना दिलेत. त्ये बघा, रानात पण एक हाय." बब्रूने मोठ्या अभिमानाने बुजगावणं दाखवलं.

अधिकाऱ्यांनी वही काढून लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं, ती माझी जुनी सवय. ‘नमुन्यांचे मोफत वाटप.’

मग घरात पेटी उघडली गेली. शमीमबीला वाटलं, साहेबांची श्रीमंती दाखवली तर मदत होईल. ती म्हणाली, "हौ साब, ऊनच है! पेटीभर ऊन है! हर साल विलायत से आता!"

अधिकारी माझ्याकडे वळले. "बाई, कागदावर ऊन आहे, पेटीतही ऊन आहे. मी काय लिहायचं?"

मी समजावू लागले. लोकर, ऊन, हिंदी, मराठी, दखनी. माझं मलाच ते खोटं वाटू लागलं. खरं बोलताना इतके शब्द लागत नाहीत. तेवढ्यात साहेब उठले, शमीमबीची दुसरी खुर्ची उचलली आणि म्हणाले, "चला. मी ऊन दाखवतो."

अंगणाच्या मधोमध त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या. उन्हाने पत्रे कडकड वाजत होते. कुत्रीसुद्धा घरात होती. अधिकारी रुमाल डोक्यावर धरून बसले. मी दारातून पाहत होते. शिक्षण घेतलेल्या माणसाने सावली सोडू नये, असं माझं मत आहे.

पाच-सात मिनिटांत त्यांचा रुमाल पिळण्याजोगा झाला.

"हे रोज बसतात?" त्यांनी मला विचारलं.

"रोज."

"कुणी सांगितलंय का? डॉक्टरांनी वगैरे?"

"नाही. आवडतं म्हणून."

मग ते साहेबांकडे वळले. आता आवाज चौकशीचा नव्हता. "तुमची मुलगी आहे तिकडं. घर आहे. परत का जात नाही?"

साहेब विचार करून, शब्द वेचून बोलले. "तिकडं हिवाळ्यात सूर्य पोस्टमनसारखा येतो. दारापर्यंत येतो. थांबत नाही. मला माहीत आहे, मीच पोस्टमन होतो." मग समोरच्या पांढऱ्या झालेल्या अंगणाकडे हात करून म्हणाले, "इथं तो आत येऊन बसतो."

अधिकाऱ्यांनी गुडघ्यावर वही ठेवून तिथंच अहवाल लिहिला. मला पाठ आहे. ‘समक्ष पाहणी केली. सदर ऊन हे लोकरीचे नसून आकाशातील असल्याचे आढळून आले. त्यापासून कोणताही व्यवसाय होत नाही.’ ‘आकाशातील’मधला ‘ती’ त्यांनी ऱ्हस्व काढला होता, तो मी दीर्घ करून दिला. सरकारी कामात माझा एवढाच हात.

निर्णय यायला तीन महिने लागले. त्या काळात साहेबांनी एकदाही ‘काय होईल’ विचारलं नाही. फक्त जेवायलासुद्धा आत जाईनात. ढगाळ दिवशीही बाहेर बसून राहायचे. बब्रूने विचारलं, "साहेब, ऊन तर न्हाय. काय खायलाव?" तर म्हणाले, "शिळं." ऑगस्टमध्ये पत्र आलं. मार्चअखेरपर्यंत राहायला परवानगी. त्यांनी ते पत्र वाचलं नाही, मला वाचायला लावलं, आणि ‘मार्च’ शब्द आला तेव्हा डोळे मिटून मान हलवली. मार्च म्हणजे आणखी एक ऑक्टोबर, आणि फेब्रुवारीतलं कोवळं ऊन. मे नाही. मेचं पुढच्या अर्जात पाहू, असं आम्ही ठरवलं. अर्जाचा मसुदाही मी करून ठेवला. त्यात ‘सूर्यप्रकाश’ असा शब्द घातला. सावध झालेलं बरं.

तो अर्ज द्यावा लागला नाही. डिसेंबरात मी तुमच्याकडे आले आणि जानेवारीत बब्रूचा फोन आला. "बाई, उन्हाळे साहेब गेले. सकाळीच. खुर्चीतच हुते." मी विचारलं, कशाने? "वयानं, म्हणले डॉक्टर. ऊन लागलं न्हाय बाई. उलट थंडी लई हुती." सगळं गाव अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत होतं, की हा माणूस एक दिवस उन्हाने जाणार. आम्हा सगळ्यांना खोटं पाडून तो थंडीत गेला. वर परवानगीचे दोन महिने शिल्लक ठेवून. सरकारने दिलेल्या मुदतीच्या आत काम उरकलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आयलाताई आली होती. तिला न्यायला माणसं फाट्यावर थांबली होती, कडाक्याची थंडी म्हणून ज्याच्याकडे जे होतं ते घालून. मी परत आल्यावर बब्रू सांगत होता, "बाई, ती गाडीतून उतरली आन् बघतच ऱ्हायली. आमी सगळे तिच्याच स्वेटरात. मला वाटलं, आता चिडती. तर एकेकाच्या बाहीला हात लावून बघायली. मग रडली, मग हसली. नाव घेऊन समजूत काढावी तर नाव आसलं." बुजगावण्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याने त्या बाजूला टेम्पो लावला होता. तिने एक राखाडी स्वेटर नाही म्हणून विचारलं. बब्रूने सांगितलं, "त्यो बाईंकडं हाय, कॅनडाला."

साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही शाळेत होता. मी तुमच्या खिडकीपाशी तोच तंबू घालून उभी होते. बाहेर बर्फ होतं आणि सकाळचे नऊ वाजले तरी दिवे जळत होते. मला ऊन लागत होतं. हवंय की दुखतंय, ते मलाही सांगता आलं नसतं.

मी परत का आले, आणि तुमच्याकडे कायमची का राहत नाही, हे तुमच्या बाबांना अर्जात लिहून हवं असेल, तर रकान्यात लिहायचा शब्द एव्हाना तुम्हाला माहीत झाला आहे.

आता स्वेटरचं सांगून संपवते. तुमच्याकडे यायला निघाले त्या दिवशी सकाळी माझी गाडी बब्रूच्या हॉटेलापाशी थांबवली. साहेब पूर्वेच्या भिंतीशी बसले होते. सूर्य नुकता वर आला होता, अंगात शिरेल एवढाच. उठून आले आणि खिडकीतून तो राखाडी स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "बाई, हे ऊन तुम्ही न्या. तिकडं लागेल." मग वर बोट करून, "ते माझ्याकडं राहू द्या."

गाडी निघाली. मागच्या काचेतून पाहिलं. कळंबची सकाळची बस चक्क वेळेवर आली होती आणि तिची लांब सावली साहेबांवर पडली होती. ते उठले, लाल खुर्ची उचलली, हातभर पुढे नेली आणि पुन्हा बसले.